बंद पडून राह्यली

सोनाळा, १८ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षल,

फुगा तुझ्या मामीच्या हातात आहे आणि मी लिहून राह्यलो. ती दाबते तशी छाती वर येते आणि पेन हालते. अक्षर लागलं नाही तर आईले दाखवजो. तिले माझं अक्षर येते.

श्वासाची मशीन बंद पडून राह्यली. दिवाळीपासून हेच. लाल दिवा लागते, भोंगा वाजते, हवा थांबते. मामी हातातलं टाकून धावते, गळ्याजवळची नळी सोडवते, तिथं फुगा लावते आणि दाबत बसते. दवाखान्यानं दिलेला रबरी फुगा आहे, हातानं दाबाचा. परवा तिचे हात पिठाचे होते. तसेच लावले.

आता चालू झाली. अक्षर सुधरलं पाहा.

गळ्याले भोक पाडल्यापासून आवाज गेला. तू फोन करते, मी ऐकतो, तुले वाटते फोन कटला. म्हणून हे लिहिणं. झेरॉक्सवाला अजहर या कागदाचा फोटो काढून तुले पाठवीन. तुझं उत्तर तो मोठ्या अक्षरात छापून आणते, म्हणजे मले पडल्या पडल्या वाचता येते.

तुझी आई म्हणे, ही मशीन तुमच्याच कंपनीची आहे आणि तिच्या आतलं काम तूच करते. अकोल्याच्या दवाखान्यातल्या माणसानं त्या भागाचं नावही सांगतलं, कर्नेल. मले फौजेतला कर्नल वाटला. म्हटलं, पोरगा भल्ला मोठा झाला.

डॉक्टर म्हणते नसा वाळून राह्यल्या. पाय गेले, छाती गेली, हात अजून आहे. हात आहे तोवर विचारून घेतो. मशीन काऊन बंद पडते, ते पाहजो.

पाया पडतो.
तुझा मामा
उत्तमराव


पुणे, २० नोव्हेंबर

प्रिय मामा,

पत्र मिळालं. तिकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, ही रीत आईनं सांगितली आहे. तरी तुम्ही ते लिहू नका. मला कसंतरी होतं.

मशीन बंद पडून राहिली, असं तुम्ही लिहिलंत. यावरून मला बरंच कळलं. मशीनच्या आत एका वेळी अनेक कामं चालू असतात. प्रत्येकाला मेमरीत जागा लागते. ती जागा वाटून देणं आणि परत घेणं हे कर्नेलचं काम, आणि त्यातला तेवढाच भाग माझ्याकडे आहे. एका जागेला दोघांनी हात लावू नये म्हणून आम्ही कुलूप घालतो. कधी असं होतं की पहिल्याच्या हाती एक किल्ली असते आणि तो दुसरीची वाट पाहतो, दुसऱ्याच्या हाती ती दुसरी असते आणि तो पहिलीची वाट पाहतो. दोघंही वाट पाहत राहतात. मशीन मेलेली नसते, अडकलेली असते. कोणी बटण दाबून उठवेपर्यंत तशीच राहते.

अशी एक जागा मला सापडली आहे. सोबतचं अपडेट अजहरला पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा. यापुढे मशीन थोडीही अडकली तरी आपली आपण पुन्हा सुरू होईल. मामींना बटण शोधावं लागणार नाही.

तुम्हाला श्वास मोजून देणारी चिप वेगळी आहे. पण मोठा संगणक उठतो तेव्हा तिलाही बंद करून उठवतो. मशीन स्वस्त पडावी म्हणून तसं केलं होतं. त्यामुळे ती उठेपर्यंत फुगा लागेलच.

अपडेट घालताना मामींना फुगा लावून बसायला सांगा.

तुमचा
हर्षल


सोनाळा, २८ नोव्हेंबर

चि. हर्षल,

अजहर पेनड्राइव्ह घेऊन आला. हात धुऊन बसला. म्हणे, काका, आजवर लोकांचे आधार कार्ड छापले, आज पयल्यांदा माणसाचा श्वास भरून राह्यलो. मामी म्हणे, बोलू नको, भर.

भरलं. आता जास्त बंद पडून राह्यली.

मामीचा अंगठा सुजला. शेजारची पुष्पाबाई येऊन बसते, पण तिले फुगा दाबता येत नाही. भराभरा दाबते. मले बोलता येत नाही, डोळे मोठे करतो, तर ती अजून घाबरते आणि अजून भराभरा दाबते. मग मामी तिले बाजूले करते. पुष्पाबाई रडते. मी पाहतो.

हसण्यासारखं आहे, पण हसाले हवा लागते.

तू चांगलं करशील ते ठाऊक आहे. घाई नाही असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

पाया पडतो. रीत आहे, तुले काय कसंतरी होते.

उत्तमराव मामा


पुणे, १ डिसेंबर

प्रिय मामा,

'जास्त बंद पडून राह्यली' याचा अर्थ मी आधी असा घेतला की आता जास्त वेळ बंद राहते. अपडेटनंतर तसं होणं शक्य नव्हतं. दोन दिवस त्या एका वाक्यावर अडलो. शेवटी पत्र आईला दाखवलं.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. तुमच्यासारखं वाचलं. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाली, "अरे, बंद पडून राह्यली म्हणजे पडतेय. पुन्हा पुन्हा पडतेय. पाऊस येऊन राह्यला म्हणजे काय येऊन थांबला का? आणि बटण कुणी दाबलं असं दादानं कुठं लिहिलंय?"

तुम्ही कुठेही लिहिलं नव्हतं.

म्हणजे मशीन अडकत नव्हती. ती पडत होती आणि आपली आपण उठत होती. मी दुसऱ्याच आजारावर औषध दिलं. त्या औषधानं मशीन जरा मंद झाली तरी तिला पाडून उठवायला सुरुवात केली. मामींचा अंगठा त्यामुळे सुजला. जुनं होतं ते परत पाठवतो आहे. अजहरला आजच भरायला सांगा.

मला वाटतं, खरा दोष असा आहे. एक काम आपली जागा सोडतं. कर्नेल ती मोकळी समजून दुसऱ्याला देतं. पण पहिल्याचं शेवटचं लिहिणं त्याच क्षणी चालू असतं, आणि ते दुसऱ्याच्या जागेत पडतं. असं झालं की कर्नेल सगळं बंद करतं आणि पहिल्यापासून उठतं. तसं करायला आम्हीच शिकवलं आहे. आणि पडताना काय झालं याची नोंद उरत नाही, कारण नोंदही त्याच मेमरीत असते.

हे केव्हातरीच होतं. दोघं अगदी एका क्षणाला भेटले तरच. इथे लॅबमध्ये मशीन आठवडाभर चालवली. एकदाही पडली नाही.

आई म्हणाली, लग्न होऊन पुण्यात आल्यावर शेजारणी तिच्या बोलण्याला हसल्या. तेव्हापासून ती बोली तिनं घरात काढली नाही. मला ती कधी आली नाही, याचं एवढं कारण आहे.

हर्षल


सोनाळा, ७ डिसेंबर

चि. हर्षल,

जुनं भरलं. आता पहिल्यासारखी पडते, म्हणजे कमी. मामी याले बरं म्हणून राह्यली.

तुझी आई जयमाला माझ्यासारखी बोलली हे वाचून बरं वाटलं. तिले म्हणा, अजून एक डाव बोल.

तू लिहिलं ते मले समजलं. मी ग्रामपंचायतीत बाजारवसुलीले होतो, तुले माहीत नसीन. आठवडी बाजारात जागा दाखवाची आणि पावती फाडाची. आशाबाई बांगड्यावाली टोपली उचलून पाण्याले गेली. जागा खाली. मटकेवाला आला, म्हणे साहेब, ही देता का? मी पाह्यलं तेव्हा जागा खालीच होती. पावती फाडेपर्यंत आशाबाई परतली आणि तिनं टोपली टेकवली. तिच्यावर याचे मटके. बांगड्या फुटल्या, मटके फुटले. आशाबाई म्हणे, "काऊन बे उत्तम, मी मेली होती का?" मी खोटा नव्हतो. तीही नव्हती. मटकेवाला तर बिचारा नवीन होता.

मग मी पावती फाडाच्या आधी मोठ्यानं विचारत होतो, कोणाची जागा? तुझ्या कर्नेलले विचाराले शिकवता येत नाही का?

बोट लवकर थकते. एवढंच.

पाया पडतो.
मामा


पुणे, १४ डिसेंबर

प्रिय मामा,

कर्नेल विचारतं. तुम्ही म्हणता तसंच विचारतं. कुलूप म्हणजे तेच. पण जागा देण्याघेण्याच्या असंख्य वाटा आहेत आणि त्यांतल्या कुठल्या तरी एका वाटेवर ते विचारायचं राहून गेलं आहे. ती वाट मला सापडत नाही. सगळा मजकूर ओळीओळीनं वाचला. वाचताना प्रत्येक ओळ बरोबर असते.

आता एक वेगळं अपडेट पाठवतो. यात दुरुस्ती काही नाही. मशीन प्रत्येक जागा कोणाला दिली, कोणाकडून घेतली हे आतल्या कार्डावर लिहीत राहील. पुढच्या वेळी पडली की शेवटच्या ओळी मला मिळतील. म्हणजे एकदा पडावी लागेल. हे लिहायला बरं वाटत नाही.

हर्षल


सोनाळा, २४ डिसेंबर

चि. हर्षल,

तू म्हणाला दुरुस्ती नाही. पण तवापासून मशीन एकदाही बंद पडली नाही.

मामी बाजारात जाऊन आली. केव्हाची गेली नव्हती. तुरीच्या शेंगा आणल्या, उकडल्या, अजहरले दिल्या. मले वास आला. काल दुपारी तिले खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागली. फुगा मांडीवर होता. मी तिले पाहत होतो.

तुझे उपकार आहेत.

मामा


पुणे, २९ डिसेंबर

प्रिय मामा,

उपकार नाहीत. काहीही दुरुस्त झालेलं नाही. हे मला आधीच कळायला हवं होतं.

नोंद लिहायला क्षणाचाही अगदी लहान तुकडा लागतो. तेवढ्यानं त्या दोघांतला एक मागे पडतो, आणि ते भेटत नाहीत. मशीन पाहिली जाते तोवर पडत नाही. पाहणं थांबलं की पडेल. आमच्या कामात हे होतं. त्याला उपाय म्हणत नाहीत.

ही नोंद तशीच ठेवता येणार नाही. कार्ड भरतं, पुसलं की पुन्हा भरतं. असं पुसून पुसून ते झिजतं, आणि झिजलं की मशीन पडेल ती उठणारच नाही. कंपनीनं मशीन इकडे पाठवा, बदलून देऊ, असं कळवलं आहे. तोवर तुमच्यासाठी दुसरी त्यांच्याकडे नाही. लॅबमधली मागितली. ती बाहेर नेता येत नाही. अकोल्याला भाड्याची एक होती, ती कुणाला तरी लागली आहे.

नोंद काढून, नुसता तेवढाच उशीर घालून एक अपडेट केलं आहे. ते चालेल की नाही हे मला माहीत नाही. आधीचं काढून हे भरा.

हर्षल


सोनाळा, ६ जानेवारी २०२५

हर्षल,

भरलं. तीन दिवस चालली. मग पडली. काल दोनदा.

जुनं, लिहिणारं, परत भराले लावलं मी. अजहर नाही म्हणत होता. मी पाटीवर लिहिलं, भर.

बाजारात मी उभा असलो की भांडण होत नसे. चहाले गेलो की होत असे. मग मी चहा पिणं सोडलं.

तू उभा राह.

पाया पडतो. हे रीत म्हणून नाही.


सोनाळा, १२ जानेवारी

प्रिय आई,

फोन केला असता. पण मामा शेजारीच आहेत आणि त्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून लिहितो.

काल पोचलो. मामा ओळखू आले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दारात थांबलो. मला पाहून त्यांनी पाटीवर लिहिलं, 'कर्नल आले.' दोन शब्द लिहायला त्यांना वेळ लागतो. सगळे तेवढा वेळ पाटीकडे पाहत उभे राहतात.

मामी मला कामाला हात लावू देत नाहीत. बॅग उचलली तरी म्हणतात, "ठेव बापू, तू भाचा हाय." उजव्या हाताच्या अंगठ्याला चिंधी बांधली आहे. जेवताना डाव्या हातानं वाढतात आणि प्रत्येक वेळी "डावा हात हाय, मनात नको आणू" असं म्हणतात.

मशीन मी उघडून पाहिली. आत काही बिघडलेलं नाही. मग अजहर आला. तो दारात चप्पल काढता काढता म्हणाला, "भाऊ, तुमच्या पुण्यात लाईट नाचत नाही ना?"

मी विचारलं, नाचते म्हणजे?

"जात नाही पूर्ण. मंद होते, वर येते, पुन्हा मंद होते. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की पाहा. या आठवड्यात शेतीची लाईट सकाळी आहे."

मामी म्हणाल्या, "पहिलेपासून नाचते. त्यात काय सांगाचं?"

दिवा मंद झाला की मशीन बॅटरीवर जाते, वर आला की परत विजेवर येते. दर वेळी आत एक निरोप जातो आणि त्या निरोपाला मेमरीत जागा लागते. लॅबमध्ये वीज एकसारखी असते. आम्ही बॅटरी काढून लावून पाहिली होती, एकदा, सावकाश. इथे ते एका दमात कितीदा तरी होतं. इतके दिवस मी हे विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्यासाठी ती बातमीच नव्हती.

एवढं कळलं. कुठे चुकतं ते अजून कळलं नाही. निरोपाची वाट काल वाचली, आज पुन्हा वाचली. प्रत्येक ओळ बरोबर आहे.

आता एकच उरलं आहे. मी केबल आणली आहे. नोंद अगदी थोडी ठेवायची, दोघांना उशीर होणार नाही इतकी, आणि ती कार्डावर न लिहिता केबलमधून माझ्या लॅपटॉपवर घ्यायची. मग सकाळी मोटारी सुरू होतील आणि मशीन पडेल. ती पडावी लागेल. रिकामी चालवली तर आतल्या कामांच्या वेळा बदलतात, म्हणून मामा तिला जोडलेले असताना पडावी लागेल. दुसरी मशीन नाही, दुसरा माणूस नाही.

नाहीतर आता आहे ते, नोंद लिहिणारं, तसंच ठेवायचं. कार्ड तपासलं. ते पार झिजलं आहे. उद्या संपेल की महिन्यानं, सांगता येत नाही. ते संपेल तेव्हा मशीन उठणार नाही. फुगा किती तास दाबता येतो, हे मी मामींना विचारलं नाही.

मी मामांना हे सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. मामी मध्येच म्हणाल्या, "म्हणजे तू मुद्दाम पाडणार?"

मी म्हटलं, पडू देणार.

"एकच झालं."

मामांनी पाटी मागितली. मी धरली. त्यांनी लिहिलं, 'लाव.' मग पाटी सोडली नाही. खाली अजून काही लिहायचं होतं. बऱ्याच वेळानं लिहिलं, 'तू हाय न.'

मामींनी ते वाचलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हाव. तू हाय, तर मग काय भ्याचं. पुष्पाबाईपेक्षा तर बरा दाबशील." आणि हसल्या. मला फुगा दाबायला शिकवलं. आपला श्वास मोजायचा आणि तसा दाबायचा. आपण घाबरलो की आपला श्वास वाढतो, म्हणून घाबरायचं नाही.

संध्याकाळी नवीन भरलं. केबल जोडली आहे. लॅपटॉप मामांच्या उशाशी स्टुलावर ठेवला आहे, स्क्रीन माझ्याकडे करून. फुगा खुर्चीवर आहे, हात पोचेल असा.

उद्या अजहर दुकान उघडताना हे पत्र पाठवील. त्याआधी जे होईल ते खाली लिहीन.


१३ जानेवारी, सकाळ

मामी उजाडल्यापासून फुगा घेऊन बसल्या होत्या. मग माझ्यासाठी चहा ठेवायला उठल्या. फुगा माझ्या मांडीवर ठेवला. मोटारी सुरू झाल्या, दिवा मंद झाला, वर आला आणि मशीन बंद पडली. भोंगा वाजला. मी स्क्रीनकडे पाहिलं. ओळी येत होत्या. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येत नाही. मामींनी माझ्या मांडीवरचा फुगा उचलला, तेव्हा त्या आल्या आहेत हे मला कळलं.

मामी फुगा दाबत होत्या, तोवर मशीन आपली आपण उठली.

नोंद मिळाली. दोघंही त्याच जागेवर दिसतात, एक सोडणारा आणि एक घेणारा. दोघांची वेळ शेवटच्या आकड्यापर्यंत एकच पडली आहे. आधी कोण, ते त्यात नाही. मशीनमध्ये कार्डावर नोंद लिहिणारं जुनं अपडेट परत भरलं आहे.

मामा ठीक आहेत. मी पाटी धरली. हात चालतो, तरी त्यांनी पेन्सिल घेतली नाही.